हरवलेल्या काव्याचे तर्क

महामालिकेतलं रहस्य अर्धवट राहिलं की चाहते तर्क लढवतात. त्याला रिकामटेकडेपणा म्हणणाऱ्यांनी वाशिमकडे पाहावं. इथल्या, म्हणजे प्राचीन वत्सगुल्माच्या, वाकाटक राजा सर्वसेनानं चौथ्या शतकात ‘हरिविजय’ हे प्राकृत महाकाव्य रचलं. सत्यभामेसाठी कृष्णानं स्वर्गातून पारिजात आणल्याची ती कथा. काव्य लुप्त आहे. भोज, हेमचंद्र आदींच्या काव्यशास्त्रावरच्या ग्रंथांतल्या उल्लेख-अवतरणांवरून अभ्यासकांनी कथानक जुळवलं. तेही तर्कच की! विद्वानांकडे पुरावा असतो, चाहत्यांकडे नुसती हौस, हा आक्षेप अर्धाच खरा. रसासाठी मूळ कथा बदलणाऱ्यांत काव्यशास्त्रकार आनंदवर्धन सर्वसेनाचं नाव घेतो. मग पुराणातला प्रसंग जसाच्या तसा या काव्याला चिकटवणारा पंडितही घसरू शकतो. कोणती ओळ सापडली तर आपला अंदाज कोसळेल, हे आधीच सांगणारा चाहता मला त्याच्यापेक्षा भरवशाचा वाटतो.