नायकाची खिन्नता आणि गावाचे मौन

मराठी कादंबरीतील खिन्न नायकाची चर्चा पुष्कळ झाली. परंतु त्या खिन्नतेचे मूल्यमापन करताना वाचक आणि समीक्षक यांनी नकळत वर्गभेद केला. भालचंद्र नेमाडे यांच्या ‘कोसला’चा (१९६३) नायक पांडुरंग सांगवीकर हा खानदेशातील सधन शेतकऱ्याचा मुलगा. पुण्यात शिकताना त्याला अपयश येते, धाकट्या बहिणीच्या मृत्यूने तो आतून खचतो आणि अखेर गावी परततो. त्याच्या उदासीनतेला अस्तित्ववादाचा मान मिळाला. सदानंद देशमुख यांच्या ‘बारोमास’मधील (२००२) एकनाथ हाही शेतकऱ्याचाच शिकलेला मुलगा. संस्थाचालकांना द्यावयास पैसा नाही म्हणून नोकरी नाही, शेती तोट्याची, संसारही विस्कटलेला. त्याची उदासीनता मात्र ‘शेतीप्रश्न’ या सदरात जमा झाली. जणू एकाला केवळ मन आहे आणि दुसऱ्याला केवळ कर्ज!

पांडुरंग तिरकस विनोदाचे चिलखत घालतो, एकनाथ राबत राहतो. मार्ग भिन्न असले तरी दोघांच्याही वाट्याला मुख्यतः एकटेपणच येते.

ही विभागणी पुस्तकापुरती राहत नाही. २००६ साली केंद्र सरकारने विदर्भातील सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांची मदत घोषित केली. वर्धा जिल्हा त्यांत होता. तिचा भर व्याजमाफी, कर्ज आणि सिंचन यांवर होता. ते आवश्यकच होते. परंतु समुद्रपूर तालुक्यातील गिरडसारख्या गावात ज्याची झोप उडाली आहे, ज्याने बोलणे टाकले आहे, त्याच्यापर्यंत केवळ व्याजमाफी पोहोचत नाही. गिरडच्या टेकडीवर बाबा फरीदांच्या दर्ग्यात सर्व धर्मांचे लोक नवस घेऊन जातात. बुद्धिवाद्यांनी त्यांना हसण्यापूर्वी एवढे ध्यानी घ्यावे, की तेथे दुःख उच्चारण्याची लाज वाटत नाही. पक्षाच्या बैठकीत ती का वाटावी?

नैराश्याला आजार म्हटले तर शोषण झाकले जाईल, असा आक्षेप काही कार्यकर्ते घेतात. आक्षेप निराधार नाही. औषधाने कापसाचा भाव वाढत नाही. परंतु भावासाठी लढावयास माणूस जगला पाहिजे. आत्महत्येचा प्रयत्न करणारा तीव्र तणावाखाली आहे असे मानून त्याला उपचार देणे, हे २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने शासनाचे कर्तव्य ठरविले आहे. सेवाग्रामच्या वैद्यकीय महाविद्यालयात मनोविकार विभाग आहे. तेथवर रुग्णाला सोबत करणे आणि ही सेवा ग्रामीण रुग्णालयात नियमित मिळावी म्हणून मागणी लावून धरणे, हेही चळवळीचेच काम होय.

एकनाथाला केवळ मोर्चात नेऊन भागणार नाही. मोर्चा संपल्यावर त्याच्या घरी कोण जाते, यावरच संघटनेची कसोटी लागेल.