गोळीचं वजन मोजता, नेम कोण मोजणार?

प्रति,
ब्रिटनचे गृहमंत्री, पर्यावरणमंत्री आणि काउंट्यांच्या पोलिस परवाना विभागांचे प्रमुख



या पत्राची इंग्रजी प्रत तुम्हाला टपालाने गेली आहे. मराठी प्रत इथल्या आपल्या मंडळींसाठी. गणपतीत, दिवाळीत भेट झाली की कुणी ना कुणी बाजूला घेऊन विचारतंच, ‘डॉक्टर असून तुम्ही हरणं मारता?’

मारतो. सफोकमध्ये थेटफर्डच्या जंगलाच्या कडेला मी अठ्ठावीस वर्षं गावडॉक्टर आहे आणि त्यातली एकोणीस वर्षं माझ्याकडे रायफलचा परवाना आहे. या बेटावरचे लांडगे आणि लिंक्स केव्हाच संपले. मोठ्या हरणाला हात लावणारं जनावर उरलं नाही, म्हणून माणसाला ते काम करावं लागतं. केलं नाही तर हरणं रानातला कोवळा फुटवा खुडून टाकतात, खालची झुडपं जातात आणि झुडपांबरोबर नाइटिंगेलसारखे पक्षीही. मार्चमध्ये शेजारच्या मेंढ्या व्यायला लागल्या की कोल्ह्यासाठी बोलावणं येतं. (कोल्हा म्हणजे इथला लाल कोल्हा. आपल्याकडे रात्री कोल्हेकुई करतो तो निराळा. हा आपल्या खोकडाचा थोराड चुलतभाऊ म्हणा.)

आता मुद्द्यावर येतो. मुद्दा रायफलचा आहे.

बंदुकीच्या दुकानात नवखा माणूस येतो आणि हमखास एकच प्रश्न विचारतो: हरीण आणि कोल्हा, दोन्हींना चालेल अशी एक कुठली? दुकानदार मान वर न करता सांगतो, ‘टू-फोर-थ्री.’ हे .243 काडतूस 1955 सालचं, .308 च्या काडतुसाची मान आवळून केलेलं. धक्का कमी, मार्ग सपाट, किंमत बेताची. माझी पहिली रायफलही तीच. एका दगडात दोन पक्षी म्हणतात ते हे. फक्त दगड एक असला तरी पक्षी सारखे नाहीत. कोल्हा भरतो सहा-सात किलो, रो जातीचं हरीण वीस-पंचवीस आणि लाल हरणाचा नर शंभराच्या पुढे.

हरणाच्या बाबतीत तुमचा कायदा काटेकोर आहे. 1963 पासून इंग्लंड आणि वेल्समध्ये नळीचा व्यास किमान .240 इंच आणि नळीच्या तोंडाशी गोळीची ताकद किमान 1,700 फूटपाउंड हवी. 1991 च्या कायद्यातही तेच कायम राहिलं. मुंटजॅकसारख्या लहान हरणासाठी 2007 साली ही अट खाली आणलीत: .220 इंच, 1,000 फूटपाउंड आणि गोळीचं वजन किमान 50 ग्रेन. स्कॉटलंडमध्ये मोठ्या हरणासाठीही गोळीचं वजन ठरलेलं. तिथे 100 ग्रेन लागत, 2023 पासून 80 चालतात. सोनाराच्या तराजूवर वाढलेल्या वाचकांसाठी सांगतो, ब्रिटिशांनी ठरवून दिलेला तोळा बरोबर 180 ग्रेनचा. म्हणजे शंभर ग्रेनची गोळी अर्ध्या तोळ्याहून जराशी जड आणि ऐंशीची अर्ध्या तोळ्याला कमी. इतक्या बारकाईने तुम्ही मोजता. तक्रार नाही, जनावर तडफडू नये म्हणूनच हे आहे.

कोल्ह्याच्या बाबतीत कायद्यात असं माप नाही. तिथे परवाना अधिकाऱ्याचं मत चालतं. मी कोल्ह्यासाठी वेगळी .223 मागितली तेव्हा एका अधिकाऱ्याने फोनवर समजावलं, ‘तुमच्याकडे .243 आहे की. तिने कोल्हा मरतोच. दुसरी कशाला?’ कुठल्या काउंटीचा ते सांगत नाही, माणूस सभ्य होता. शिवाय त्याच्या बाजूने बघितलं तर हिशेब सरळ आहे: घरात जितक्या बंदुका कमी तितकं बरं.

पण रात्री एक वाजता सपाट शेतात उभं राहून बघा. कोल्हा रात्रीच मारतात, हातदिव्यावर किंवा उष्णता दाखवणाऱ्या दुर्बिणीवर. त्या दुर्बिणीत जनावर पांढरं शुभ्र दिसतं, पण त्याच्या पाठीमागची जमीन चढते आहे की उतरते आहे हे नीट उमगत नाही. गोळीच्या मागे माती हवी, हा आमच्या धंद्यातला पहिला धडा. कोल्ह्याच्या रायफलची हलकी, पातळ कवचाची, वेगवान गोळी जमिनीला लागली की बहुधा तिथेच भुगा होते. हरणाची गोळी त्यासाठी केलेलीच नसते. तिने खांद्याचं हाड फोडून आत जावं अशी तिची बांधणी. ती कोल्ह्यातून आरपार जाते आणि पुढे कुठे जाते ते सकाळी कळतं. म्हणजे एकच रायफल ठेवल्याने जी सुरक्षितता कागदावर वाढली, ती शेतात कमी झाली.

त्यात आता शिसं आलं. जुलै 2025 मध्ये तुम्ही जाहीर केलंत की शिकारीतलं शिसं तीन वर्षांची मुदत देऊन बंद करणार. गोळ्यांपुरती ही बंदी .243 आणि त्यावरच्या व्यासांना आहे. निर्णय बरोबर आहे, डॉक्टर म्हणून मी त्याच्या बाजूचा. शिशाची गोळी हरणात फुटते तेव्हा तिचे डोळ्यांना न दिसणारे कण मांसात लांबवर पसरतात आणि ते मांस लोक आवडीने मुलांना खाऊ घालतात. पण तांबं शिशापेक्षा हलकं. तेवढ्याच वजनाची तांब्याची गोळी लांब होते आणि लांब गोळी स्थिर ठेवायला नळीत जास्त पीळ लागतो. .243 च्या पुष्कळ जुन्या नळ्यांत तो नाही, म्हणून हलकी गोळी घ्यावी लागते. स्कॉटलंडने शंभराचे ऐंशी केले ते याचसाठी. शिवाय तांब्याची गोळी वेग असेल तरच पाकळ्यांसारखी उमलते. वेग कमी पडला तर नुसतं भोक पाडून निघून जाते.

थोडक्यात, तुमच्याच नव्या नियमाने हरणाची आणि कोल्ह्याची वाट वेगळी केली. .223 मध्ये कोल्ह्याची ती भुगा होणारी गोळी पुढेही चालेल. ज्याच्याकडे दोन्हींसाठी एकच .243 आहे, त्याला मात्र कोल्ह्यावरही तांबंच झाडावं लागेल. तेव्हा ज्याच्याकडे हरणाची रायफल आहे आणि कोल्ह्याचं खरोखरचं काम आहे, त्याला कोल्ह्यासाठी वेगळी, लहान रायफल द्यायला हरकत घेऊ नका, एवढी सूचना परवाना विभागांना लेखी द्या. ही पहिली मागणी, आणि खरं तर सोपी.

दुसरी अवघड आहे. तिच्यासाठी गेल्या हिवाळ्यातली एक सकाळ सांगावी लागेल.

सातच्या सुमारास फोन आला. दोन वर्षांपूर्वी परवाना मिळालेला एक तरुण, शेजारच्या गावातला. मुंटजॅकवर गोळी झाडली, जनावर उडी मारून झुडपात गेलं, सापडत नाही. मुंटजॅक म्हणजे आपलं भेकर. इथलं चीनहून आणलेलं, वोबर्नच्या सरदाराच्या बागेतून सुटून देशभर पसरलेलं, पण भुंकतं अगदी कोकणातल्यासारखं. मी शेजाऱ्याची कुत्री घेऊन गेलो. गोळी लागली त्या जागी गुडघ्यावर बसलो. रक्त गुलाबी आणि फेसाळ असेल तर फुप्फुसात लागली, जनावर शंभर पावलांत पडलेलं सापडतं. इथे रक्त जवळजवळ नव्हतंच. गवताच्या पात्यावर हिरवट-तपकिरी चोथा होता आणि पोटाखालचे पांढरे केस. वासावरूनच कळलं. पोटात लागली होती.

अशा वेळी लगेच मागे धावायचं नसतं. तास-दीड तास थांबलो, थर्मासमधला चहा प्यालो, फार बोललो नाही. मग कुत्रीने दोन ओढे ओलांडून काटेरी जाळीत नेलं. भेकर जिवंत होतं. मान वर करून आमच्याकडे बघत होतं. शेवटची गोळी मी घातली.

त्या मुलाचं सगळं कायदेशीर होतं. रायफल .243, ताकद पुरेशी, जमिनीची परवानगी लेखी, बंदुकीचं कपाट पोलिसांनी येऊन पाहिलेलं. चूक एवढीच की आदल्या आठवड्यात त्याने शिशाच्या गोळ्या संपवून तांब्याचा डबा उघडला आणि दुर्बीण पुन्हा जुळवली नाही. गोळी बदलली की बार दुसरीकडेच लागतो, कधी दोन इंच, कधी चार. दुपारी आम्ही कागदावर पाच गोळ्या झाडून पाहिल्या. पाची जवळजवळ एका बशीत मावतील अशा, आणि पाची डावीकडे, खाली. मुलाचा हात चांगला होता. त्याला हे करायला कुणी लावलं नव्हतं, एवढंच.

परवान्यासाठी अर्ज आला की तुम्ही माझ्यासारख्या डॉक्टरकडून माहिती मागवता. ऑगस्ट 2021 मध्ये प्लिमथला पाच माणसं मारली गेली, त्यानंतर हे सक्तीचं झालं आणि व्हायलाच हवं होतं. दारू, नैराश्य, फिट्स, स्मृतिभ्रंश, सगळं मी प्रामाणिकपणे भरतो. दोनदा माझ्या शब्दावरून परवाने अडले आहेत आणि त्यातला एक माणूस अजून माझ्याशी बोलत नाही. पण त्या सगळ्या कागदांत एक प्रश्न कुठेच नाही: या माणसाला नेम धरता येतो का? हरीण मारायला इथे नेमाची सक्तीची परीक्षा नाही. स्टॉकिंगची, म्हणजे हरणाच्या मागावर जाण्याची, प्रमाणपत्रं आहेत आणि चांगली आहेत, पण ज्याला हौस तो ती देतो. नॉर्वेत मोठं जनावर मारणाऱ्याला दरवर्षी मैदानावर यावं लागतं. आधी सरावाच्या तीस गोळ्या, मग शंभर मीटरवर रेनडिअरच्या चित्रावर पाच. पाची जागेवर लागल्या तरच त्या वर्षी रानात जायचं.

आमच्या आजोबांना ही परीक्षा कुणी घातली नव्हती, ती ते स्वतःच देत. सिंधुदुर्गातलं आमचं गाव. आजोबांकडे ठासणीची बंदूक, शेतसंरक्षणाच्या परवान्यावरची. निवडणूक आली की ती पोलिस ठाण्यात जमा व्हायची आणि निकाल लागला की परत यायची. भात पोटरीला आलं, रानडुकरं उतरायला लागली की पहिल्या रात्रीआधी आजोबा दारू ठासून, चिंध्यांचा बोळा घालून, केळीच्या एका तोडलेल्या खुंटावर बार काढायचे. मी सात-आठ वर्षांचा असेन. धूर खाली बसला की मी धावत जाऊन भोकात बोट घालायचो आणि कितवं बोट आत जातं ते ओरडून सांगायचो. भोक वर-खाली असलं की ते पुन्हा ठासायला घेत. ‘दारू महाग झालीय,’ असं आजी ओट्यावरून म्हणायची, दरवेळी.

तेव्हा दुसरी मागणी अशी: 2029 उजाडेपर्यंत या देशातले हजारो लोक गोळी बदलणार आहेत. त्या मुलासारखाच प्रत्येकजण एक दिवस नवा डबा उघडणार. परवाना देताना, नूतनीकरणाला, आणि शिशाकडून तांब्याकडे जाताना एकदा, पाच गोळ्यांची परीक्षा सक्तीची करा. खर्चाचं म्हणाल तर फेब्रुवारी 2025 मध्ये नव्या रायफल परवान्याची फी 88 पाउंडांवरून 198 वर नेलीत. वरच्या एकशे दहा पाउंडांत पाच गोळ्या आणि एक कागद बसायला हरकत नाही. आमच्यातले काही जुने जाणते चिडतील. ‘चाळीस वर्षं मारतोय, मला कोण शिकवणार’ असं म्हणतील. माझा अनुभव असा की चाळिशी लागलेले डोळे चष्म्याच्या दुकानात जेवढी कुरकुर करतात तेवढीच ती असते.

मी स्वतः एकोणीस वर्षांत दोन हरणं जखमी करून गमावली आहेत. दोन्ही तारखा वहीत आहेत. हे इथे लिहिलं नाही तर बाकीच्या पत्राला अर्थ नाही.

1 नोव्हेंबरला माद्यांचा हंगाम उघडतो. त्याच्या आधीच्या शनिवारी सकाळी नऊ वाजता मी आमच्या मैदानावर असेन, शंभर मीटरच्या पट्ट्यावर, पाच गोळ्या घेऊन. तो मुलगाही येणार आहे. तुमच्यापैकी कुणाला यायचं असेल तर कानावर लावायचे मफ माझ्याकडे दोन जादा आहेत. चहा मात्र थर्मासमधला, आणि आलं घातलेला.

आपला,
सफोकमधला एक गावडॉक्टर