शिकोकूला जा, पण आधी वघईला

सुरतेतल्या आमच्या उधन्याच्या सोसायटीत सध्या जपानचं वारं शिरलंय. तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींनी शिकोकूच्या सहलीचं पत्रक आणलं आणि पाण्याच्या टँकरवरून चालणारी भांडणंसुद्धा थांबली. माणशी खर्चाचा आकडा इथं दिला, तर तुम्हाला छपाईची चूक वाटेल.

शिकोकू हे जपानच्या चार मोठ्या बेटांतलं सगळ्यात धाकटं. डोंगर, दऱ्या, बौद्ध भिक्षू कोबो दाइशींच्या नावानं चालणारी ८८ देवळांची सुमारे १,२०० किलोमीटरची यात्रा आणि रमतगमत जाणाऱ्या आगगाड्या. शिन्कान्सेन, म्हणजे बुलेट ट्रेन, तिथं पोचलेलीच नाही; एका डब्याच्या डिझेल गाडीला बुलेट ट्रेनचं नाक लावून त्यांनी हौस भागवलीय.

आता आमचं बघा. आपल्या बिलीमोऱ्याला जपानी तंत्राची खरी बुलेट ट्रेन थांबायची आहे. आणि तिथूनच वघईची नॅरोगेज सुटते. बडोद्याच्या गायकवाड सरकारनं डांगच्या जंगलातला साग उतरवायला घातलेली, १९१३ पासूनची. ६३ किलोमीटरला तीन तास. तोट्याची म्हणून २०२० च्या डिसेंबरात रेल्वेनं तिला बंद होणाऱ्या मार्गांच्या यादीत टाकलं होतं. ओरड झाली, सप्टेंबर २०२१ मध्ये ती परत धावली. वर मोठ्या काचांचा वातानुकूलित डबाही मिळाला.

त्या डब्यात मी बसत नाही. खिडकी उघडत नसेल तर डांगात जायचंच कशाला? साध्या डब्यात मागे उनाईला एक डांगी आजी चढल्या. मांडीवर पाय बांधलेली कोंबडी. आमची अहिराणी त्यांना कळत होती, त्यांची डांगी मला. वघईला कोण आहे, म्हणून त्यांनी विचारलं. कोणी नाही, उगाच फिरायला, म्हटल्यावर त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि बिनकामाच्या माणसाला द्यावेत तसे मूठभर उकडलेले शेंगदाणे हातावर ठेवले.

वहिनींना मात्र भुरळ पडलीय ती शिक्क्यांची. शिकोकूच्या प्रत्येक देवळात यात्रेकरूच्या वहीत कुंचल्यानं लिहून लाल शिक्के मारून देतात. आपल्याकडे ही सोय नाही हेच बरं. चैत्रात खानदेशातून सप्तशृंगी गडावर पायी येणारे नुसत्या पायांच्या फोडांवर समाधानी असतात. त्यांना वह्या दिल्या, तर पुढच्या वर्षी माणसं घरी आणि वह्या टेम्पोनं गडावर! शिक्क्यासाठी वेगळी रांग, व्हीआयपी शिक्का, आणि परतल्यावर ‘तुमचा जरा पुसट उमटलाय हो’ हे शेजाऱ्याचं सांत्वन.

वहिनी, जपानला खुशाल जा. पण आधी एका रविवारी बिलीमोऱ्याला चला. पावसाळा सरता सरता गेलात तर वघईजवळ अंबिकेवरचा गिरा धबधबा भरलेला मिळेल. जाण्याआधी गाडीची वेळ विचारून घ्या, तिकीट साध्या डब्याचं काढा, आणि डबा जास्तीचा बांधा. शेंगदाण्यांची परतफेड राहिलीय.