डीफॉल्ट कोणासाठी?

नवा फोन घेतल्यावर सेटिंग्ज उघडून किती जण बदल करतात? खरं सांगा! आहे तेच आपण चालवून घेतो. म्हणूनच ‘डीफॉल्ट’ काय ठेवायचं, हा निर्णय छोटा नसतो.

फ्रीबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टीममध्ये मेल पोचवायचं काम वर्षानुवर्षं सेंडमेलकडे होतं. ताकदीचा, पण अवाढव्य प्रोग्राम. १९८८ मध्ये इंटरनेटवर मॉरिस वर्म पसरला, तेव्हा त्याची एक वाट सेंडमेलमधूनच गेली. चाचणीसाठीची ‘डीबग’ सोय अनेक मशीनवर तशीच चालू राहिली होती!

२०२३ मध्ये आलेल्या फ्रीबीएसडी १४ ने डीफॉल्ट बदलून डीएमए हा छोटा प्रोग्राम आणला. तो बाहेरून येणारे मेल घेतच नाही. मशीनवरच्या प्रोग्रामचे मेल तेवढे पोचवतो. बहुतेकांना लागतं तेवढंच. मेल सर्व्हर चालवायचाय? मग सेंडमेल मुद्दाम चालू करा.

हेच बरोबर आहे. ज्याला जास्त हवं, त्याने दोन पावलं जास्त चालावीत. ज्याला काही ठाऊक नाही, त्याचं दार मात्र बंदच असावं. उद्या तुम्ही एखादं ॲप बनवाल, तेव्हा सेटिंग्ज कधीच न उघडणारा मित्र आधी आठवा. डीफॉल्ट त्याच्यासाठी असतो.