जत्रेतला आवाज कुणाच्या नावावर?

त्रिपुरी पौर्णिमेच्या सुमारास मालवण, कुडाळ, वेंगुर्ले भागांत गावोगावच्या जत्रांना सुरुवात होते आणि देवळापुढे दशावतार उभा राहतो. पेटी, मृदंग व झांज यांच्या जोडीला आता तेथे आणखी एक साधन हजर असते, ते म्हणजे प्रेक्षकांच्या हातांतील मोबाईल. रात्री झालेला खेळ दुसऱ्या दिवशी यूट्यूबवर मुंबईचे चाकरमानी पाहतात. डबलबारी भजनांचेही तसेच. हौसेने केलेल्या या ध्वनिमुद्रणाने संगीताच्या धंद्याची जुनी घडी मोडली आहे. ती मोडली याचे मला मुळीच दुःख नाही.

जुनी घडी कशी होती? १९०२ साली कलकत्त्यात गौहर जान यांचे गाणे मुद्रित झाले, तेव्हा तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन मिनिटांचे गाणे मावे. आता हिशेब करून पाहा. सहा तासांचा दशावतार म्हणजे ३६० मिनिटे. त्याला १२० बाजू, म्हणजे ६० तबकड्या लागल्या असत्या! कोणती कंपनी हा खर्च करील? १९६३ मध्ये फिलिप्सने आणलेल्या कॅसेटने काम सोपे केले, तरी प्रती काढून विकणारा कुणी तरी लागेच. आज ध्वनीचे सेकंदाला ४४,१०० नमुने, प्रत्येक १६ बिटांचा, तोही दोन मार्गांनी घेतला, तरी अख्खी रात्र चार गिगाबाइटच्या आत बसते. लिखित संहितेवाचून, रंगमंचावर आयत्या वेळी सुचणारे दशावतारी संवाद अशा प्रकारे टिकून राहतात, ही थोडीथोडकी गोष्ट नव्हे.

पण फोन हा प्रामाणिक श्रोता नाही. त्याची घडण मुख्यतः बोलणे टिपण्यासाठी असते. झांज कडाडली की त्यातील स्वयंचलित योजना सगळाच आवाज खाली ओढते आणि गाणाऱ्याचा सूर बुडतो. ती योजना वेळेवर चालली नाही, तर ध्वनिलहरींचे शेंडे छाटले जाऊन आवाज चिरका होतो. शिवाय मृदंगाच्या घुमाऱ्याला गोंगाट समजून गाळणारे फोनही आहेत. उघड्या पटांगणात अंतर दुप्पट झाले की ध्वनीची तीव्रता एकचतुर्थांश होते. म्हणून मागे उभे राहून उंच धरलेल्या महागड्या फोनपेक्षा पेटीजवळ ठेवलेला साधा फोन पुष्कळदा बरे काम करतो. ज्या फोनमध्ये ध्वनीची पातळी हाताने ठरवता येते, त्यात ती अगोदरच थोडी खाली ठेवावी.

दुसरी गोष्ट मला अधिक खटकते. तीन मिनिटांची चौकट गेली म्हणावे, तर अर्ध्या मिनिटाच्या तुकड्यांची आली. बुवांनी सावकाश चढवत नेलेल्या गजराचा फक्त शेवटचा कल्लोळ कापून फिरवला जातो. त्यावर ना बुवांचे नाव, ना पखवाजवाल्याचे, ना गावाचे, ना तारखेचे. गौहर जान गाणे संपताच स्वतःचे नाव इंग्रजीत उच्चारीत. तबकड्या जर्मनीतील हॅनोव्हर येथे तयार होत, आणि तेथील कामगारांना लेबलावर कुणाचे नाव छापायचे हे त्यावरून कळे. सव्वाशे वर्षांपूर्वी जमले, ते आज का जमू नये?

हा केवळ शिष्टाचाराचा प्रश्न नाही. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात १९९४ साली दुरुस्ती होऊन कलावंताचा त्याच्या प्रयोगावरील हक्क भक्कम झाला. २०१२ च्या दुरुस्तीने आपले नाव दिले जावे असा आग्रह धरण्याचा हक्कही त्याला मिळाला. स्वतः ऐकण्यासाठी मुद्रण करणे वेगळे आणि ते साऱ्या जगाला ऐकवणे वेगळे. दुसऱ्यासाठी मंडळाच्या मालकाची व कलावंतांची संमती हवी. जाहिरातीचे पैसे व्हिडिओ चढवणाऱ्याच्या खात्यात जमा होतात. रात्रभर जागून राजा झालेल्या नटाला त्यातले काय मिळावे, हे खेळ सुरू होण्यापूर्वीच ठरले पाहिजे. माझ्या मते गावच्या जत्रा समितीने मंडळाला सुपारी देतानाच ते लिहून घ्यावे. शाळेतील मुलांनी फोन सुरू करताच गाव, तारीख, मंडळ आणि वादकांसह सर्वांची नावे मोठ्याने सांगावीत. एवढ्याला अर्धे मिनिट पुरते.