कोझोनाक : उपवासानंतरचा गोड पाव

नाताळ जवळ आला की आपल्या घरांतून नेवऱ्या तळल्याचा व दोदोल ढवळल्याचा सुगंध दरवळू लागतो. त्याच दिवसांत दूर पूर्व युरोपात, डॅन्यूब नदीकाठच्या रुमानिया देशात, घरोघरी एक मोठा गोड पाव भाजला जात असतो. त्याचे नाव कोझोनाक. हा पाव लांबट, उंच व वरून तांबूस तपकिरी असतो आणि कापला असता पिवळसर पिठातून सारणाची गडद वेटोळी दिसतात. नाताळ व पुनरुत्थानाचा सण या दोन्ही प्रसंगी तो हवाच. सामान्य दिवशी तेथील बेकरीतही तो मिळतो, परंतु घरच्या कोझोनाकापुढे त्याला कोणी फारसे मानीत नाही.

या पावाची श्रीमंती समजून घ्यावयाची असेल तर आधी त्या लोकांचा उपवास समजून घेतला पाहिजे. रुमानियातील बहुसंख्य लोक ऑर्थोडॉक्स पंथाचे. नाताळपूर्वी १५ नोव्हेंबरपासून २४ डिसेंबरपर्यंत त्यांचा उपवासकाळ असतो. नेमस्त दिवशी मासे चालतात. मांस, अंडी, दूध व लोणी मात्र वर्ज्य. पुनरुत्थानाच्या सणापूर्वीचा उपवास याहून कडक. आता कोझोनाकात काय पडते ते पाहा : अंडी, दूध, लोणी! चाळीस दिवस ज्यांचा त्याग केला ते सर्व पदार्थ एकाच परातीत एकत्र येतात. आणि हे पीठ मळावयाचे असते उपवास सुटण्यापूर्वी. कडक नेम पाळणाऱ्या गृहिणीला त्यातले बोटभरही चाखता येत नाही. साखर पुरेशी झाली की नाही, हे तिने मापावरून व हातावरूनच ओळखावयाचे.

पण उपवास स्वेच्छेने करणे निराळे आणि तो लादला जाणे निराळे. गेल्या शतकाच्या नवव्या दशकात हुकूमशहा चाउशेस्कु याने परदेशी कर्ज फेडण्याच्या हट्टापायी देशातील धान्य व मांस बाहेर पाठविले आणि लोकांना शिधापत्रिकेवर ठेविले. १९८१ च्या ऑक्टोबरात तर असा हुकूम निघाला की तेल, साखर, पीठ, तांदूळ यांसारख्या वस्तू एका महिन्याच्या गरजेपेक्षा अधिक साठविणे हा गुन्हा होय. शिक्षा सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत कारावास. आता विचार करा, सणाच्या पावासाठी जी माउली महिनोन्‌महिने चमचा चमचा साखर बाजूला काढीत असेल, ती कायद्याच्या दृष्टीने किती थोड्या अंतराने गुन्हेगार ठरत असेल! लोणी मिळाले नाही तर मार्गारीन घालावयाचे, आणि दुकानाबाहेरच्या थंडीत पहाटेपासून रांग धरावयाची.

सणालाही तेव्हा नाव उरले नव्हते. नाताळचा दिवस कामाचा दिवस ठरला होता, आणि मुलांना भेटी आणणाऱ्या नाताळबाबाच्या जागी सरकारने ‘मोश जेरिला’ म्हणजे हिमबाबा नावाचे पात्र बसविले होते. आपल्या कॅथलिक बांधवांची स्थिती अधिकच कठीण. तेथील ग्रीक-कॅथलिक ख्रिस्तसभा १९४८ च्या डिसेंबरात बेकायदा ठरविली गेली आणि तिचे सर्व बिशप पकडले गेले. त्यांपैकी सात जणांना छळ व बंदिवास सोशीत मृत्यू आला. २ जून २०१९ रोजी ब्लाज गावी पोप फ्रान्सिस यांनी त्या सातांना धन्यवादित घोषित केले. मंदिरे हिरावली गेल्यावर कित्येकांनी पवित्र मिस्सा बंद दारांआड, घरांतूनच साजरी केली. पावाला मात्र कोणी बंदी घालू शकले नाही. भट्टीतून येणारा वास कोणत्या सणाचा आहे हे शेजाऱ्यांना सांगावे लागत नसे. १९८९ च्या नाताळच्या दिवशीच त्या हुकूमशहाला गोळ्या घालण्यात आल्या, आणि त्यानंतर नाताळ पुन्हा सुटीचा दिवस झाला.

आता कृतीकडे वळू. एक किलो मैद्यास साखर २५० ग्रॅम, दूध ४०० मिलिलिटर, अंड्यांचे बलक ७, लोणी २०० ग्रॅम, लहान चमचाभर मीठ, लिंबाची व संत्र्याची किसलेली साल, आणि ताजे यीस्ट ५० ग्रॅम किंवा सुके १५ ग्रॅम. गोव्याचे पोदेर पूर्वी सुरीवर पीठ फुगवीत, परंतु अंडी-लोण्याच्या जड पिठास यीस्टच बरे. यीस्ट थोड्या कोमट दुधात साखर व मूठभर मैदा घालून फसफसू द्यावे, मग बाकीच्या पिठात मिसळावे. लोणी अगदी शेवटी, वितळवून, थोडे थोडे घालावयाचे. घाई केली तर पीठ तुपकट होऊन सुटते.

मळणे हीच खरी परीक्षा. निदान अर्धा ते पाऊण तास मळावे लागते. पहिली वीस मिनिटे पीठ हातास चिकटते आणि मन म्हणते, आणखी मैदा टाक. टाकू नये! अधिक मैद्याने पाव कोरडा होतो. हळूहळू पीठ ताणू लागते, त्यात बुडबुडे दिसू लागतात आणि ते परात व हात दोन्ही सोडते, तेव्हा थांबावे. मग झाकून उबेत ठेवावे. रुमानियातील गृहिणी या वेळी दारे-खिडक्या लावून घेतात, कारण त्यांच्याकडे बाहेर बर्फ असते. आपल्याकडे ती चिंता कमी.

सारणास ४०० ग्रॅम अक्रोड कुटून घ्यावेत. त्यात २०० ग्रॅम साखर, तीन मोठे चमचे कोको, चमचाभर रम आणि चार अंड्यांचा फेसलेला पांढरा बलक घालावा. कोणी खसखशीचे सारण करतात; त्यांची खसखस निळसर काळी, आपली पांढरी. कोणी ‘रहात’ नावाच्या तुर्की मिठाईचे तुकडे पेरतात. ती आपल्या कराची हलव्यासारखी लवचिक असते.

पीठ दुप्पट फुगल्यावर त्याचे चार भाग करावेत. प्रत्येक भाग लाटून, सारण काठापर्यंत सारखे पसरून घट्ट गुंडाळावा. दोन गुंडाळ्या एकमेकींस पिळून लोणी लावलेल्या साच्यात ठेवाव्यात. अनेकींच्या पावात सारणावर पोकळी पडते. गुंडाळी सैल राहिली अथवा सारण पातळ झाले की असे होते. साच्यात पुन्हा तासभर फुगू द्यावे, वर अंडे लावावे, आणि १७० ते १८० अंश उष्णतेत सुमारे ५० मिनिटे भाजावे. ज्यांच्या घरी ओव्हन नाही त्यांनी साचे गावच्या बेकरीत न्यावेत. पाव निघून गेल्यावर भट्टीत जी उतरती ऊब राहते तीच यास मानवते. प्रखर आचेत साखरेमुळे वरचा भाग काळा पडतो व आत कच्चे राहते. बारीक काडी खुपसून ती कोरडी निघाली की झाले. दहा मिनिटांनी साच्यातून काढून स्वच्छ कापडावर आडवा निजवावा, म्हणजे बसत नाही.

पुनरुत्थानाच्या रात्री हाच पाव लाल रंगविलेली अंडी व ‘पास्का’ नावाचा गोड चीज भरलेला गोल पाव यांच्यासह टोपलीतून मंदिरात नेतात, आणि धर्मगुरूंनी आशीर्वाद दिल्यावरच घरी कापतात. नाताळात तो दारी गाणी म्हणत येणाऱ्या मुलांना देण्यासही लागतो. म्हणून तेथे एकच कोझोनाक कोणी करीत नाही. वर दिलेल्या मापात दोन होतात. कापडात गुंडाळून ठेविल्यास चार-पाच दिवस चांगला राहतो, आणि त्यानंतर शिळ्या चकत्या अंडे-दुधात बुडवून लोण्यावर परताव्यात. मुले त्या ताज्याहून अधिक आवडीने खातात.