तांब्याचे वेटोळे आणि मनाचा भार

तांबाकाट्यावर ज्यांच्या पिढ्या तांबे तोलण्यात गेल्या, त्यांना वेटोळ्याची महती सांगावयास नको. लोहार चाळीत विकला जाणारा प्रत्येक ट्रान्सफॉर्मर ज्या नियमावर चालतो, तो मायकेल फॅरडे यांनी १८३१ मध्ये शोधला: चुंबकीय क्षेत्र बदलले की जवळच्या वाहकात वीज उत्पन्न होते. मेंदूतील चेतापेशींचा व्यवहारही विजेवरच चालतो. १९८५ मध्ये शेफिल्ड येथील अँथनी बार्कर व त्यांच्या सहकाऱ्यांनी माणसाच्या डोक्यावर असे वेटोळे धरून एक स्पंद दिला आणि त्याच्या हाताचे स्नायू फडकले. कवटीला धक्काही न लावता मेंदू जागा झाला होता.

हा स्पंद सेकंदाच्या सहस्रांशाहूनही अल्पकाळ टिकतो व साधारण दोन-तीन सेंटिमीटर खोल पोहोचतो. सेकंदाला एक या संथ गतीने दिलेले स्पंद चेतापेशींची उत्तेजना बहुधा मंदावतात. दहाच्या गतीने दिलेले ती वाढवितात. नैराश्यात कपाळाच्या डाव्या बाजूमागील भागाला आठवड्यातून पाच दिवस, चार ते सहा आठवडे असे स्पंद देतात. अमेरिकेत या उपचारास २००८ मध्ये मान्यता मिळाली. यात भूल नसते, रुग्ण जागा असतो. लोक ज्याला धास्तावतात तो ‘शॉक’ हा नव्हे. डोके दुखणे हा नेहमीचा त्रास. क्वचित झटका येऊ शकतो, म्हणून अपस्माराची किंवा डोक्यात बसविलेल्या धातूची माहिती आधीच द्यावी लागते. सर्वांनाच गुण येतो असेही नाही.

चुंबकाची कडी आणि पट्टे विकणारे मात्र याच शास्त्राचे नाव घेतात. बॅटरीच्या एकमार्गी विजेवर ट्रान्सफॉर्मर चालत नाही, हे लोहार चाळीतला पोरसवदा नोकरही जाणतो. मनगटावरील स्थिर चुंबकाचे क्षेत्र बदलतच नाही. मग मेंदूत प्रवाह यावा कोठून?

तरीही कडे घेतले जाते, कारण ते गुपचूप घेता येते. घरातला तरुण पेढीवर येईनासा होतो, स्थळे पाहण्याचे दिवस असतात, आणि विचारणाऱ्याला ‘प्रकृती जरा नरम आहे’ एवढेच सांगितले जाते. यात महिने जातात. परळच्या केईएम रुग्णालयात मनोविकार विभाग आहे. गिरगावाहून तो फार दूर नाही. चुंबकीय उपचाराचा विचार सामान्यतः औषधांनी गुण न आल्यावर होतो, म्हणून पहिली भेट तज्ज्ञाचीच हवी. खर्चाची चिंता असणाऱ्यांनी विम्याची कागदपत्रेही काढून पाहावीत: २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने शारीरिक आजाराच्याच धर्तीवर मानसिक आजारासही विमा देणे कंपन्यांवर बंधनकारक केले आहे.